कॉम्प्युटरला लावलेली जोडी

जनावर निवडण्यात म्या आजवर कधी मार खाल्ला न्हाई. चाळीस वर्षं झाली, माळेगावच्या यात्रेत लोह्याकडच्या भुजंगरावानं ज्या बैलाच्या पाठीवर थाप मारली तो बैल कधी वाईट निघाला न्हाई. दात बघायचे, खूर बघायचे, चार पावलं चालवून बघायचं, आणि मग तोंड उघडायचं. माझी एकच गलती झाली, ती गेल्या साली, आणि ते जनावर नव्हतंच. ते कॉम्प्युटरचं अँटीव्हायरस होतं.

हसू नका. हसायचं तर शेवटी हसा, आमच्या घरातबी सगळे शेवटीच हसले. मधी मात्र माझी काय गत झाली ते माझं मला ठाऊक.

आमची सून तनुजा. माहेर मुरुडचं, लातूर जिल्ह्यातलं. लातूरला कॉम्प्युटरचं शिकलेली पोरगी. लग्न होऊन आली तेव्हा संसाराच्या भांड्यांबरोबर कॉम्प्युटर घेऊन आली. माझा पोरगा बालाजी यष्टीत कंडक्टर, आठवड्यातले पाच दिवस नांदेडला. घरात मी, माझी बायको तुळजाबाई, तनुजा, आणि गोठ्यात आमची लालकंधारी जनावरं. त्यांच्यात एक वळू हाय, माणिक. त्याच्यासारखं वशिंड पंचक्रोशीत न्हाई. असो, ती गोष्ट निराळी.

तनुजानं तीन सालात नोकरीसाठी किती अर्ज केले असतील, देव जाणे. सगळीकडून एकच उत्तर, शहरात राहायला या. ती भाकरी थापायची, कपडे वाळू घालायची, आणि दुपारी कॉम्प्युटर पुसून ठेवायची. तिचं ते पुसणं बघून मला लई वाईट वाटायचं. शिकलेली पोर, आणि हातात फडकं.

आणि एका बुधवारी ती पिठाच्या हातानं पळत गोठ्यात आली. "मामा, मला बोलावलं! पुण्याच्या कंपनीनं बोलावलं!" आनंदाच्या भरात तिनं माणिकच्याच कपाळावर हात ठेवला. त्या वळूच्या कपाळावर पाच बोटं पिठाची उमटली आणि तो गुमान उभा राहिला, एरवी माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत न्हाई.

काम घरी बसूनच होतं. खेड्यापाड्यातल्या लोकांचा कॉम्प्युटर बिघडला की ते फोन करणार, आणि तनुजानं त्यांना मराठीत समजावून सांगायचं. जागा एकच. सोमवारी सकाळी अकरा वाजता मुलाखत, तीबी कॉम्प्युटरवरच. अकराला हजर न्हाई झालं तर पुढच्या उमेदवाराला घेणार, असं लिहिलेलं. आणि एक अट होती, घरच्या कॉम्प्युटरला चालू सालाचं अँटीव्हायरस पाहिजे. मुलाखतीत ते दाखवावं लागणार.

"ते काय असतंय गं?" म्या विचारलं.

"कॉम्प्युटरची राखण करतंय, मामा. रोग लागू देत न्हाई, चोर आत येऊ देत न्हाई."

"म्हणजे जनावरच म्हण की."

"तसंच समजा," असं म्हणून ती हसली. तिथंच ती चुकली, असं मी आजबी म्हणतो. जनावर म्हणल्यावर भुजंगराव घरात बसंल का?

ती म्हणत होती, "मामा, एवढा विचार करायचा न्हाई. एक चांगलं बघून मी टाकून घेते." पण म्या ऐकलं न्हाई. घरात जनावर येणार आणि मी बघणार न्हाई? चाळीस वर्षांची इज्जत काय चुलीत घालायची? म्या सांगून टाकलं, "शुक्रवारी मी नांदेडला जातो आणि पारखून आणतो. तू फक्त मुलाखतीचा अभ्यास कर."

ही बातमी तुळजाबाईनं कौतुकानं मुरुडला फोन करून सांगितली. तिकडं तनुजाचे वडील, आमचे ईवाई हणमंतराव. आता हणमंतराव माणूस चांगला. पण ते देवणीवाले. लातूरकडची ती पांढरी-काळी देवणी जनावरं, आणि इकडची आमची लालकंधारी. पोरांचं लग्न जमलं त्या दिवसापासून आमचा दोघांचा एकच वाद, भारी कोणतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी गुलाबजाम घेऊन उभा राहिला आणि आम्ही दोघं वशिंडावरून भांडत होतो. तर ईवायांनी फोनवरून निरोप धाडला, "भुजंगरावांना म्हणावं, तसदी घेऊ नका. अक्कलवाली वस्तू लातूरलाच मिळते."

झालं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. शुक्रवारी सकाळच्या यष्टीनं मी नांदेड गाठलं.

वजिराबादला एक कॉम्प्युटरचं दुकान हाय, धम्मदीपचं. त्याचे वडील लिंबाजी लोह्याला जनावरांच्या दवाखान्यात होते, त्यांची माझी जुनी ओळख. धम्मदीप म्हणला, "काका, कोणतं दाखवू?"

"सगळी दाखव. लाव दावणीला एका ओळीत."

त्यानं पाच डबे मांडले. मी एकेकापाशी गेलो. "याचं वय काय?"

"याच सालचं हाय, काका."

"खातो किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे मशिनीला जड पडतो का? आपलं काम सोडून सगळा कडबा हाच खाणार का?"

धम्मदीपचा चेहराच बदलला. "काका, हे शंभरात एखादा विचारतो. हे काळं जड हाय, जुन्या मशिनीला झेपत न्हाई. हे दोन हलके."

"मारका कोणता? घरच्या माणसावर धावून जातो असा?"

"हे पिवळं. आपल्याच चांगल्या फायली चोर समजून कोंडून ठेवतंय. लोक लई बेजार होतात."

"ते बाजूला कर. आणि रोग तर रोज नवे निघतात. लस घेतो का रोजच्या रोज?"

"हे लाल घेतंय. इंटरनेटवरून आपोआप. आणि घरी नेऊन चालवून बघा काका, तीस दिवसांत न्हाई पटलं तर डबा परत आणा."

हा व्यवहार मला समजला. माळेगावातबी चांगला विकणारा म्हणतो, जुंपून बघा. आणि डबा लाल होता. आमच्या माणिकसारखा लालबुंद. म्या मनातल्या मनात त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग सवयीनं म्या खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला आणि काउंटरवर हात पुढं केला. आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं बोलत न्हाईत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवायचा. चार लोक बाजूला उभे असले तरी कुणाला काही कळत न्हाई. हात पुढं केल्यावर माझ्या ध्यानात आलं, अरे, हे दुकान हाय, बाजार न्हाई! शेजारची बाई छपाईचं यंत्र घ्यायला आलेली, ती डोळे वटारून बघू लागली. मी ओशाळून हात मागं घेणार, तेवढ्यात धम्मदीपनं गल्ल्यावरून वाकून आपला हात रुमालाखाली घातला. माझी दोन बोटं धरली. म्या एक सोडवलं. त्यानं पुन्हा धरलं. म्या मान हलवली. शेवटी त्यानं अर्ध्या बोटावर दाबलं आणि सौदा झाला.

"कुठं शिकलास रे?" म्या विचारलं.

"बाबा यात्रेत ड्यूटीला असायचे न काका. मी त्यांच्या मागंमागं फिरायचो."

भाव काय ठरला ते विचारू नका. रुमालाखालचं रुमालाखालीच राहतं. पण मी असा खूश होऊन दुकानाबाहेर पडलो की येताना तनुजासाठी पेढे घेतले.

घरी येतो तर काय! ओसरीत हणमंतराव पाय लांब करून चहा पिऊन राहिले होते.

"या या ईवाई! तुमचं काम हलकं केलं." त्यांनी एक रिकामा डबा माझ्यापुढं नाचवला. पांढरा, त्यावर काळे पट्टे. "बघा, अंग पांढरं, तोंड काळं. देवणीच म्हणा. सकाळी लातूरहून घेतला, निघालो ते सरळ इथं. तनुजानं टाकूनबी घेतला. चालू झाला."

तनुजा दारात उभी होती. तिनं माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. "मामा, तुम्ही पण आणलं का?"

आता काय सांगणार? बाप एवढ्या लांबून लेकीसाठी घेऊन आलेला. "न्हाई, हे पेढे हायत," म्या म्हणलं, आणि पेढे काढून दिले. लाल डबा पिशवीतच राहिला. मी गोठ्यात गेलो आणि तो पेंडीच्या पोत्यामागं ठेवला. मागून तुळजाबाई आली. "आवं, काय लपवायलाव?"

"काय न्हाई. माणिकची दवा हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि माणिककडं बघितलं. काही बोलली न्हाई. ती काही बोलली न्हाई की मला जास्त भ्या वाटतं.

हणमंतराव मुलाखत होईपर्यंत मुक्कामालाच राहिले. शनिवार अख्खा दिवस "आमची देवणी राखण करून राहिली," एवढंच त्यांचं चालू. जेवताना तेच, हात धुताना तेच. मी दात खाऊन गप्प. पण डोक्यात एकच भुंगा. एकटाच? एकटा बैल कधी औत ओढतो का? जू खांद्यावर घ्यायचं तर जोडी लागती. एवढी मोठी मुलाखत, पोरीच्या जन्माचा सवाल, आणि राखणीला एकच जनावर? तेबी देवणी?

रविवारी दुपारी तनुजा आणि तुळजाबाई खंडोबाच्या देवळात नारळ फोडायला गेल्या. ईवाई पुरणपोळी खाऊन घोरू लागले. कॉम्प्युटर चालूच होता, तनुजानं उद्याची तालीम करून तसाच ठेवलेला. म्या पोत्यामागचा डबा काढला आणि उघडला. आत काय, तर एक कागद आणि त्यावर आकडे! एवढा डबा आणि आत वीतभर कागद. म्या धम्मदीपला फोन लावला. बिचाऱ्यानं लई सबुरीनं एकेक गोष्ट सांगितली, इथं दाबा, हे लिहा, ते लिहा. एका बोटानं लिहिता लिहिता माझा घाम निघाला.

मधीच त्यानं विचारलं, "काका, मशिनीत आधी दुसरं अँटीव्हायरस न्हाई न? असलं तर ते आधी काढावं लागतंय."

आणि इथं म्या खोटं बोललो. आजवर बाजारात कुणाशी खोटं बोललो न्हाई, पण तिथं बोललो. "न्हाई रे बाबा. गोठा रिकामा हाय."

जरा वेळानं पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक पाटी आली, वर लाल खूण. पण म्या बटण दाबलं. ईवाई कूस बदलून राहिले होते, वेळ नव्हता. काम फत्ते झालं आणि मी बिनघोर होऊन ओसरीत येऊन बसलो. वाटलं, लागली जोडी! लाल आणि पांढरा. आता कोण चोर येतोय बघू.

सोमवारी सकाळी तनुजा नवी साडी नेसली. तुळजाबाईनं तिच्या हातावर दही ठेवलं. मागच्या भिंतीवर ईवायांनी चांगली चादर लावली. दहा वाजता तनुजानं कॉम्प्युटर चालू केला.

चालू झाला म्हणजे काय, नुसता घरघरू लागला. पडद्यावर एक पाटी आली, ती जाते तो दुसरी. लाल पाटी, पांढरी पाटी, लाल, पांढरी. बाण जागचा हलेना. तनुजा बटणं दाबायची, आणि तिनं दाबलेलं पाच मिनिटांनी उमटायचं. सव्वादहा झाले. पंख्याखाली बसून तिच्या कपाळावर घाम आला.

"काल तर नीट होतं," ती म्हणली. "रात्रीतून काय झालं? बंद करून लावते." बंद करून लावला. पुन्हा तेच.

ईवाई घाबरले. "माझा डबा तर कोरा करकरीत हाय! दुकानदारानं फसवलं का काय?"

"तात्या, तुमचं काही चुकलं न्हाई," तनुजा बापाला म्हणली, पण तिचे डोळे भरले होते. "मोबाईलवरून जमत न्हाई, कॉम्प्युटरच दाखवायचाय. मी त्यांना फोन करते. सांगते, मशीन बिघडली. दुसऱ्याला बोलवा म्हणते."

तिनं फोन हातात घेतला. मी तुळजाबाईकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. मला माणिकच्या कपाळावरची ती पिठाची बोटं आठवली. सुनेपुढं, ईवायापुढं, बायकोपुढं तोंड काळं होणार होतं. होऊ दे म्हणलं.

"थांब, पोरी. ते म्या केलंय."

सगळे माझ्याकडं वळले.

"काल दुपारी म्या त्यात अजून एक टाकलं. नांदेडहून आणलेलं. लाल."

"तरीच माणिकची दवा!" तुळजाबाई म्हणली.

ईवाई ताडकन उठले. "आवो भुजंगराव! माझ्या देवणीवर तुम्ही..."

तनुजा मात्र रागावली न्हाई. फोन खाली ठेवला. "मामा, दुसरं कामून टाकलं?"

"जोडी केली गं. एकटा बैल औत ओढतो का कधी? तुला कमी पडू नये म्हणून केलं."

मग तिच्या तोंडावर एकदम उजेड पडला. "मामा, हे बैल न्हाईत. हे वळू हायत."

माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. आवो, बैलाचं काम ओढायचं, म्हणून त्याला जोडी. वळूचं काम कळप राखायचं. आणि एका कळपात दोन वळू सोडले तर ते चोराकडं बघत न्हाईत, लांडग्याकडं बघत न्हाईत. एकमेकाकडंच बघतात. शिंगाला शिंग लावून उभे राहतात दिवसभर, आणि कळपाला पाण्यावर जाऊ देत न्हाईत. लाल पाटी, पांढरी पाटी! ते झुंजत होते की आतमधी!

"अरे माझ्या कर्मा!" मी कपाळावर हात मारून घेतला. "चाळीस वर्षं जनावरात घातली आणि बैल कोणता, वळू कोणता, ते कळलं न्हाई मला!"

"एक काढला की झालं, मामा. पंचवीस मिनिटं हायत. कोणताबी चालंल. तुम्ही सांगा."

"माझा सोड," म्या म्हणलं. "लाल काढ. देवणी आधी आली, जागा तिची."

आता ईवायांनी गप्प बसावं का न्हाई? पण ते पडले मानी माणूस. "छे छे! भुजंगराव, तुम्ही एवढे नांदेडला गेलाव. माझाच काढा."

"न्हाई ईवाई, तुम्ही पावणे. तुमचा राहू द्या."

"असं कसं, घर तुमचं. लालच राहू द्या."

"देवणीला अक्कल असती, तुम्हीच म्हणलाव."

"ते म्या उगंच म्हणलं हो! लालकंधारी काटक हाय, आपल्याला मान्य..."

"दोघंबी बाहेर व्हा!"

कोण ओरडलं म्हणता? तनुजा! तीन सालात तिचा आवाज ओसरीच्या पलीकडं गेला नव्हता. आणि आता सासऱ्याला आणि बापाला, दोघांना एका वाक्यात घराबाहेर काढलं. तुळजाबाईनं दार उघडून धरलं. आम्ही दोघं शेपूट घालून गोठ्यात गेलो.

गोठ्यात उभं राहून काय करणार? ईवाई माणिककडं बघू लागले. तीन सालात पहिल्यांदा त्यांनी त्याला नीट बघितलं असंल. हळूच म्हणले, "अंग भारी हाय हो याचं."

"देवणीबी काही वाईट न्हाई," म्या म्हणलं. "चालायला देखणी."

आतून नुसता बटणांचा टकटक आवाज येत होता. मधी एकदा सगळंच गप्प झालं, तेव्हा ईवायांनी माझा दंड धरला. मग आतून कॉम्प्युटर चालू झाल्याची ती टिंगटिंग वाजली. पाठोपाठ एका बाईचा आवाज आला, "नमस्कार तनुजा. आवाज येतोय?"

माझा जीव भांड्यात पडला. आम्ही दोघं मांजराच्या पावलानं खिडकीखाली जाऊन बसलो. गोठ्याच्या बाजूची खिडकी, तिच्याखाली जनावरांच्या पाण्याचं घमेलं, त्याच्या कडेला मी आणि ईवाई.

बाईनं आधी अँटीव्हायरस दाखवायला सांगितलं. तनुजानं दाखवलं असंल. बाई म्हणली, "छान. चालू आहे, आजचंच अपडेट आहे." कोणतं ते काही बोलली न्हाई. ईवाई मान उंच करून बघायला लागले, म्या त्यांना खाली ओढलं.

मग कायकाय विचारलं, ते आमच्या डोक्यावरून गेलं. तनुजा चटाचट उत्तरं देत होती. शेवटी बाई म्हणली, "आमच्याकडं फोन करणारे बहुतेक लोक कॉम्प्युटरचं काही शिकलेले नसतात. अशा एखाद्या माणसाला तुम्ही एखादी अवघड गोष्ट समजावून सांगितल्याचं उदाहरण द्या."

तनुजा म्हणली, "मॅडम, आजचंच सांगू का? तासापूर्वीचं?"

आणि तिनं सगळं सांगितलं. नांदेडचा लाल, लातूरचा पांढरा, जोडी, झुंज, सगळं. कुठंबी आमची फजिती केली न्हाई. ती म्हणली, "मॅडम, माझे सासरे अडाणी न्हाईत. त्यांना जनावरातलं जेवढं कळतंय तेवढं मला कॉम्प्युटरमधलंबी कळत न्हाई. मीच चुकले होते. मी त्यांना सांगितलं, जनावरच समजा. पण कोणतं जनावर, ते सांगितलंच न्हाई. वळू म्हणल्यावर त्यांना एका शब्दात कळलं."

माझ्या डोळ्यात पाणी आलं, सांगायला लाज कशाची. ईवायांनी नाक ओढलं. त्यांचंबी तेच झालं होतं.

तिकडं पुण्यात दोन-तीन माणसं मोठमोठ्यानं हसत होती. बाईला हसू आवरेना. "तनुजा, मला सांगा, शेवटी कोणता काढलात? लाल की पांढरा?"

आम्ही दोघांनी श्वास धरला.

"ते नका विचारू, मॅडम," तनुजा म्हणली. "दोघंबी खिडकीखाली बसून ऐकून राहिलेत."

आवो, आम्ही असे दचकलो की ईवायांचा पाय सरळ पाण्याच्या घमेल्यात! घमेलं उलटं झालं, माणिक हंबरला, आणि आत सगळेच्या सगळे पुन्हा हसले. तुळजाबाईचं हसणं सगळ्यात वर.

हसणं थांबल्यावर बाई म्हणली, "एक तारखेपासून कामाला सुरुवात करू शकाल?"

एवढा वेळ शुद्ध बोलणारी आमची पोर एकदम आपल्या भाषेवर आली. "हाव मॅडम," ती म्हणली. "हाव, हाव!"

तनुजा बाहेर आली तेव्हा आम्ही दोघं अंगणात उभे होतो. ईवायांचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. ती वाकून दोघांच्या पाया पडली. म्या म्हणलं, "पोरी, आता सांग. बाहेर गेला तो कोणता?"

"तात्यांनाबी ऐकायचंय," ती म्हणली. "मग दोघांपुढं कसं सांगू? मामा, रुमाल द्या."

म्या खांद्यावरचा रुमाल दिला. तिनं तो आपल्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. म्या रुमालाखाली हात घातला. वाटलं, एक बोट धरंल का दोन धरंल. एक म्हणजे लाल, दोन म्हणजे पांढरा, असं मी मनात ठरवूनबी टाकलं. पण तिनं बोट धरलंच न्हाई. माझा अख्खा हात, म्हातारा, खरबरीत, तिच्या मुठीत घट्ट धरला आणि तसाच धरून ठेवला. बाजारात अख्खा पंजा धरला तर पाच समजतात. हे पाच नव्हतं.

मग तिनं तोच रुमाल बापापुढं धरला. त्यांचाबी हात आत गेला. बराच वेळ आत राहिला.

"कळलं?" तिनं विचारलं.

"कळलं," ईवाई म्हणले.

तनुजा आता रोज दहा ते सहा कामावर असती. कानाला यंत्र लावून कुणाला तरी समजावती, "काका, घाबरू नका, दमानं घ्या." कॉम्प्युटरच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात एक बारकं चित्र असतंय, राखण करणाऱ्याचं. चष्मा लावला तर लाल का पांढरं ते दिसंल. मी त्या खोलीत जाताना चष्मा काढून जातो.

परवा मुरुडहून ईवायांचा फोन आला. म्हणले, "भुजंगराव, खरं सांगा, तुम्हाला तिनं रुमालाखाली काय सांगितलं?"

म्या म्हणलं, "तुम्हाला जे सांगितलं तेच, ईवाई."